परदेशी मिशनरी दांपत्याला बेळगावच्या सणांत बोलवावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चर्चच्या कामासाठी कॅनडाहून एक वयस्क दांपत्य दोन वर्षं बेळगावात राहायला येतंय, त्यांना इथल्या सणांना बोलवावं का, की त्यांनाही अवघड आणि गल्लीलाही अवघड?

बोलवा. आमच्या बेळगावच्याच शहापूर भागातल्या घराच्या माडीवर २००६ ते २००८ असंच एक जोडपं भाड्यानं होतं. साहेब मिशनच्या वसतिगृहाचे हिशेब बघायचे, मॅडम तिथल्या मुलींना शिवण शिकवायच्या. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका, म्हणून रोज संध्याकाळी तासभर दोघांना मराठी शिकवायचं ठरलं. बेळगावला मिशनरी नवीन नाहीत. लंडन मिशन इथं १८२० मध्येच आलं, सेंट पॉल शाळा १८५६ ची. पण ती सगळी कॅम्पातली गोष्ट. गोरा माणूस कळशी घेऊन आमच्या गल्लीच्या नळावर उभा, हे आम्ही पहिल्यांदाच बघत होतो.

मराठी मी त्यांना पुस्तकी शिकवलं, ही माझी चूक. साहेबांनी भाजीवालीला "आपण काय करीत आहात?" असं विचारलं तेव्हा ती पदर तोंडाला लावून हसत सुटली. "काय करूलालैस म्हणा की साहेब!" महिनाभरात मॅडम तिच्या 'अक्का' झाल्या. साहेब साहेबच राहिले.

पहिली कसोटी गणपतीत. सासूबाईंनी आरती झाल्यावर दोघांपुढे मोदकाचं ताट धरलं. साहेबांनी हात जोडले आणि शब्द शोधत शोधत म्हणाले, "आजी, देवाला दाखवलेलं मी घेत नाही. माझा नियम आहे. पण तुमच्या हातचं खायचं आहे." माझ्या पोटात गोळा आला. सासूबाई क्षणभर थांबल्या, आत गेल्या आणि मोदकपात्रातले दोन वाटीत घालून आल्या. "हे घ्या. ह्यांना अजून गणपतीनं बघितलेलं नाही." तोवर मॅडमनी ताटातला एक उचलून खाल्लासुद्धा होता.

मग माडीवर रात्री उशिरापर्यंत वाद. दुसऱ्या दिवशी तासाला बसले तेव्हा दोघांपुढे मराठी बायबल उघडं, आणि दोघांचं बोट एकाच ठिकाणी: करिंथकरांस पहिले पत्र, दहावा अध्याय. मूर्तीला वाहिलेल्या अन्नाबद्दल पौलानं तिथं लिहिलंय. साहेबांचं म्हणणं, समोरचा सांगतोय ना की हे वाहिलेलं आहे, मग घ्यायचं नाही. मॅडमचं म्हणणं, कुणी जेवायला बोलावलं तर वाढलेलं मुकाट खावं, चौकशी करू नये, हेही तिथंच आहे. मला दोघांचंही पटलं. तुमच्या पाहुण्यांतही असा फरक असू शकतो, तेव्हा दोघांना वेगवेगळं विचारा.

खरी गंमत त्याच दिवशी झाली. गणपतीत मांसमच्छी चालत नाही, एवढं ते वाचून आले होते. सकाळी फिरायला गेलेले साहेब धावतच परत आले. मटणाच्या दुकानापुढे ही रांग! आमच्याकडे चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी उंदरी असते. काल गणपतीचे लाड झाले, आज त्याच्या उंदराचे, आणि उंदराच्या नावानं घरात मटण शिजतं. सगळ्यांच्यात करत नाहीत, आमच्यात करतात. साहेबांनी गंभीरपणे विचारलं, "उंदराला दाखवलेलं चालतं का?" मॅडम म्हणाल्या, "पौलानं उंदराबद्दल काही लिहिलेलं नाही." साहेब दोनदा रस्सा मागून जेवले.

एवढं सांगायचं कारण, त्यांच्या नकाराचा राग गल्लीत कुणालाच आला नाही. तोंडानं, मराठीत आणि हसून दिलेला नकार होता. राग आला तो भलत्याच गोष्टींचा. सासूबाईंचा डबा मॅडम लख्ख घासून रिकामा परत द्यायच्या. चार वेळा झाल्यावर सासूबाई मला म्हणाल्या, "तुझ्या मडमला सांग, आमच्यात डबा मोकळा देत नाहीत." सांगितल्यावर मॅडम बिचाऱ्या पांढऱ्याफटक पडल्या. पुढं डब्यातून साखर, केळी, काहीबाही यायला लागलं. नाताळात तर करंज्या आल्या, त्यांच्या चर्चमधल्या बायकांनी शिकवलेल्या. बेळगावच्या मराठी ख्रिस्ती घरांत नाताळला करंज्या-चकल्याच असतात, हे मलाही तेव्हाच कळलं. इतकी वर्षं एकाच गावात राहून!

एक नोव्हेंबरचं मात्र आधी सांगून ठेवा. त्या वर्षी कर्नाटक राज्याला ५० वर्षं होत होती, सगळीकडे लाल-पिवळे झेंडे. साहेबांनी वसतिगृहात एक कन्नड वाक्य पाठ केलं होतं आणि सकाळी जिन्यात भेटलेल्या आमच्या ह्यांना ते म्हणून दाखवलं, राज्योत्सवाच्या शुभेच्छा. हे दंडाला काळी फीत बांधून सायकल बाहेर काढत होते, काळ्या दिनाच्या फेरीला जायला. १९५६ ला बेळगाव त्या राज्यात गेलं, तेव्हापासून आमच्यासारख्या मराठी घरांत हा दिवस असाच. हे म्हणाले, "साहेब, हे समोरच्या घरी सांगा. तिथं चालेल." समोर कन्नड कुटुंब. त्यांच्या अम्मा आणि सासूबाई रोज संध्याकाळी एकाच कट्ट्यावर बसून लसूण सोलायच्या, त्या दिवशीही बसल्या. मॅडमनी तासाला विचारलं, "मग आम्ही कुणाच्या बाजूला?" मी म्हटलं, "तुम्ही जिन्यात."

सौंदत्तीला यल्लम्माला घेऊन जाणार असाल तर प्रश्नांची तयारी ठेवा. भंडारा, लिंबाचे डहाळे, "उदे गं आई"चा गजर बघून झाल्यावर मॅडमनी परतीच्या बसमध्ये देवदासींबद्दल विचारलं. कायदा १९८२ चा आहे, एवढं मी सांगितलं. "आणि कायद्याच्या आधी तुमच्या घरची माणसं काय म्हणायची?" ह्याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. बेळगाव येईपर्यंत आम्ही दोघी खिडकीतून बाहेर बघत होतो.

रंगांचंही एक आहे. बेळगाव शहरात धुळवडीला रंग खेळतात. शहापूर पूर्वी सांगली संस्थानात होतं, म्हणूनच की काय, आमच्याकडे रंगपंचमीला. धुळवडीला गावात रंगून आलेले साहेब सुटलो म्हणून निर्धास्त झाले, आणि पंचमीला पांढरा शर्ट घालून बँकेत निघाले. तो शर्ट पुढं मॅडमनी फरशी पुसायला घेतला.

आणि शिवजयंतीची तारीख मुंबईच्या कॅलेंडरवरून सांगू नका. इथं ती वैशाख शुद्ध द्वितीयेला, आणि चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालते. दुपारी झोप काढून घ्यायला सांगा, आणि उंचावरची एखादी ओळखीची गॅलरी आधीच धरून ठेवा.