बैठक नको, मग तिथं नेमकं काय करतात?

प्रश्न : आम्ही बेळगावात वडगावला राहतो, लग्नाला 9 वर्षं झाली. मिस्टर उद्यमबागला फाउंड्रीत शिफ्टला असतात. मोठं भांडण कुठलं नाही ओ, पण बोलणंच बंद झालंय, मी काय विचारलं की मोबाईल घेऊन गच्चीवर जातात. दोन वर्षांमागं माझे मामा आणि त्यांचे काका बसवून बैठक केली, चार दिवस बरं चाललं, परत तेच. मैत्रीण म्हणते कपल थेरपी घ्या. हे म्हणतात आम्ही काय येडे आहोत काय, आणि तिथली बाई तुझीच बाजू घेणार. काय करतात तिथं?

उत्तर : ताई, मिस्टरांची भीती खोटी नाही, कारण त्यांनी बैठकच बघितलीय, आणि बैठकीत शेवटी कोणतरी एक चुकीचा ठरतोच, मग तो मान खाली घालून चहा पितो आणि घरी येऊन महिनाभर धुसफुसतो. थेरपीत कोण बरोबर हा निकालच लागत नाही. पहिल्यांदा दोघांना एकत्र बसवून सगळं विचारतात, अगदी लग्न कसं जमलं इथपासून, मग बरेचजण दोघांशी एकेकदा वेगवेगळं बोलतात, परत एकत्र. एक सेशन साधारण तास-दीड तासाचं, आठवड्याला किंवा पंधरा दिवसांनी, आणि आठ ते वीस सेशन लागतात, दोनदा जाऊन काय होत नाही.

खरं काम कसं चालतं सांगते. समजा तिथं बसल्या बसल्या तुम्ही म्हणालात, "बघा, आत्ता पण मोबाईलच बघालेत." हितंच कौन्सेलर थांबवणार. तुमच्या मिस्टरांना विचारणार, जिन्याकडं पाय वळतात तेव्हा आत काय होत असतंय? ते कदाचित म्हणतील, "मी तोंड उघडलं की वाढतंय, म्हणून जातो." आणि तुम्ही इतकी वर्षं समजत होता की ह्यांना काय पडलेलंच नाही. तुम्ही जितकं मागं लागता तितके ते पायऱ्या चढतात, ते जितके चढतात तितका तुमचा आवाज चढतो. एक मागं लागतो, एक पळतो, ही जोडी थेरपीवाल्यांच्या रोजच्या ओळखीची आहे. 1980 च्या दशकात कॅनडात स्यू जॉन्सन आणि लेस ग्रीनबर्ग यांनी जी पद्धत बसवली ती ह्या चक्रावरच उभी आहे.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन जोडप्यांना भांडायला लावून त्यांचे हृदयाचे ठोके मोजायचे. ठोके मिनिटाला शंभरच्या वर गेले की माणसाच्या डोक्यात समोरच्याचं काही शिरत नाही, निदान वीस मिनिटं तरी थांबावं लागतं. म्हणजे गच्चीवर जाणं चूक नाहीच मुळी, न सांगता जाणं चूक! "वीस मिनिटांनी येतो, मग बोलू," एवढं म्हणून गेले आणि खरंच खाली आले तरी निम्मं घर शांत होईल. गॉटमन यांच्याच अभ्यासात जोडप्यांच्या भांडणातले साधारण 69 टक्के विषय कधी सुटतच नाहीत असं दिसलं, सासूचं बोलणं, पैसा, कोण किती पसारा करतं वगैरे. ते घेऊनच पण न बोचकारता कसं राहायचं, तेवढं शिकायचं.

फायदा कुणाला? ज्यांना राहायचंय पण जमेना झालंय त्यांना. बाळंतपणानंतर दुरावलेल्यांना, कुणाचं बाहेर काही उघडकीला आलंय त्यांना सुद्धा. एकाचा निर्णय आधीच झालाय आणि तो नावापुरता येऊन बसलाय, तर मात्र फारसं हाती लागत नाही.

आणि भाषेचं बघा. आपल्याकडं ऑफिसात कन्नड, पोराच्या शाळेत इंग्लिश, पण भांडण मराठीतच होतं की! "माझं मेलीचं नशीब" ह्याचं इंग्लिश करून सांगत बसलात तर त्यातली सगळी धारच जाते. मराठी समजणारा कौन्सेलर गावात मिळत नसेल तर ऑनलाइन बघा, क्लिनिकच्या पायऱ्या चढताना पावण्यांनी बघायची भानगड पण नाही. मिस्टर तयारच नसतील तर तुम्ही एकट्या जा, एकाची चाल बदलली की दुसऱ्याची पण थोडी बदलते. मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन टेली-मानस, 14416, फुकट आहे, चोवीस तास, भाषा निवडता येते. तिथं जोडप्याची थेरपी होत नाही, पण सुरुवात होते.

प्रश्न : निपाणीजवळ खेड्यात असते. नवरा पिऊन मारतो. सासरचे म्हणतात दोघं मिळून कौन्सेलिंगला जावा, ताळ्यावर येईल. जाऊ का?

उत्तर : नको. तिथं खरं बोललात तर त्याची किंमत घरी येऊन तुम्हीच मोजणार. शिवाय मार हा दोघांचा प्रॉब्लेम नाही, मारणाऱ्याचा आहे. दारूचा इलाज त्याचा त्यानं वेगळा घ्यायचा, आधी तुम्ही सुरक्षित व्हा. महिलांसाठी 181, जीवावर बेतलं तर 112. घरगुती हिंसाचाराचा 2005 चा कायदा आहे, त्यात त्याच घरात राहायचा हक्क पण मागता येतो, संरक्षण अधिकाऱ्याकडं अर्ज करा. आधार कार्ड, पासबुक, पोरांचे दाखले, थोडे पैसे एका पिशवीत घालून विश्वासाच्या शेजारणीकडं आजच ठेवून या.