रिले आणि स्विचिंग व्हॉल्व्ह: दोन्हींना ‘झडप’ म्हणून चालेल का?

प्रश्न असा आहे: हवेवर चालणाऱ्या नियंत्रण यंत्रणेच्या माहितीपुस्तिकेचं मराठी करताना ‘न्यूमॅटिक रिले’ आणि ‘स्विचिंग व्हॉल्व्ह’ या दोन्हींना ‘झडप’ म्हटलं तर काय बिघडतं?

बरंच बिघडतं. झडप दोन्हींच्या पोटात असते हे खरं, पण कामं वेगळी.

रिले हा शब्द फ्रेंचमधून आला. लांबच्या वाटेवर टप्प्याटप्प्याने ताजे घोडे ठेवत, त्यावरून. निरोप तोच, दम नवा. जुन्या मराठीत ‘डाक’ म्हणजे नेमकी हीच व्यवस्था होती. आता तिचा अर्थ टपालापुरता उरला, म्हणून तो शब्द इथे बाद. न्यूमॅटिक रिलेत घडतं तेही असंच. बारीक छिद्रातून आलेली हवा नोझलमधून सुटत असते आणि नोझलच्या तोंडासमोर एक पट्टी असते, तिला फ्लॅपर म्हणतात. पट्टी मिलिमीटरच्या काही शतांशांनी जवळ आली तरी नोझलमागचा दाब वाढतो. पण ही हवा इतकी थोडी, की तिच्या जोरावर मोठा कंट्रोल व्हॉल्व्ह (नळीतला प्रवाह कमीजास्त करणारा) वेळेत हलायचा नाही. म्हणून तो दाब रिलेच्या डायफ्रॅमवर, म्हणजे आतल्या लवचिक पडद्यावर, देतात. डायफ्रॅम आतली छोटी झडप ढकलतो आणि साधारण 1.4 बारच्या (बार हे दाबाचं एकक) सप्लायमधून भरपूर हवा पुढे जाते. दाब उतरला की तीच झडप जादा हवा बाहेर सोडते. बाहेर पडणारा सिग्नल 0.2 ते 1 बारच्या दरम्यान कुठेही थांबू शकतो. ‘कुठेही’ हा शब्द महत्त्वाचा.

स्विचिंग व्हॉल्व्हला असं अधलंमधलं काही नसतं. ठरलेल्या दाबापर्यंत स्प्रिंग त्याला जागेवर धरून ठेवते. दाब त्यापुढे गेला की तो खटकन पूर्ण सरकतो आणि हवेची वाट बदलते. रेल्वेचा सांधा बदलावा तसा. परत येतो तो थोड्या कमी दाबाला, नाहीतर सीमेवरच फडफडत बसला असता. अशा व्हॉल्व्हपुढे 3/2 लिहिलेलं असेल तर ते म्हणजे हवेची तीन तोंडं, दोन स्थिती, तो अपूर्णांक नव्हे (अनुवादात ‘दीड’ झालेला मी पाहिला आहे!).

गोंधळाचं मूळ विजेच्या रिलेत आहे. तो बहुधा चालू-बंद एवढंच करतो, त्यामुळे रिले म्हणजे स्विच अशी समजूत होते. काही उत्पादक दोन स्थितींच्या हवेच्या व्हॉल्व्हलाही रिले म्हणतात, तेव्हा नावावर न जाता आउटपुट हळूहळू बदलतो की एकदम, ते पाहावं.

माझं मत: ‘रिले’ तसाच ठेवा, कारखान्यात दुसरं कोणी काही म्हणत नाही. स्विचिंग व्हॉल्व्हला ‘मार्गबदल झडप’ चालेल. नुसती ‘झडप’ मात्र रिलेच्या आतल्या त्या छोट्या भागासाठी राखून ठेवा, कारण पुस्तिकेतल्या दुरुस्तीच्या प्रकरणात तिचा उल्लेख वेगळा येणारच.