भिजलेल्या दोरीचा बाण

सातारा,
श्रावण

पोरी,

काल फोनवर "ताई, पाऊस असला तरी स्पर्धा होणार म्हणे" एवढं बोललीस आणि गप्प झालीस. त्या गप्प होण्याला फोनवर उत्तर देता आलं नाही, म्हणून लिहायला बसले. बाहेर सकाळपासून रिपरिप आहे. अजिंक्यतारा दुपारी एकदा दिसला आणि पुन्हा ढगात गेला.

पावसाला घाबरू नकोस असं मी म्हणणार नाही. पाऊस नेमकं काय बिघडवतो, ते सांगते. कोरड्या दिवशी बाण खाली लागला की तुला लगेच कळतं, अंतर कमी धरलं किंवा सोडताना हात ढिला पडला. पावसात त्याच बाणामागे चार कारणं असू शकतात. दोरी पाणी पिऊन जड झाली असेल. बाणाच्या शेपटाला चिखल लागला असेल. मधल्या घळीनं टार्गेट जवळ भासवलं असेल. नाहीतर पायाखालचा दगड निसरडा म्हणून तू अंग चोरून ओढलं असशील. चारही चुकांचं फळ दिसायला एकच, बाण खाली. त्यातली तुझी कोणती, हे ओळखायला शिक. माझ्या मते पावसातली फील्ड तिरंदाजी, डोंगर-झाडीत एका टार्गेटवरून दुसऱ्याकडे चालत जाऊन मारायची ती, म्हणजे मुख्यतः एवढंच आहे.

मला हे फार उशिरा कळलं. तुझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी असताना मी एका डोंगराळ जागेवर स्पर्धेला गेले होते. अंतर न सांगितलेली टार्गेटं होती. पहिली तीन छान गेली, बाण मधल्या पिवळ्यात. मग सर आली आणि थांबेचना. चौथ्या-पाचव्या टार्गेटला बाण पिवळ्याच्या खाली, काळ्यात उतरले. मला वाटलं, आपण अंतर कमी धरतोय. मी प्रत्येक ठिकाणी दोन-तीन मीटर वाढवून साईट, म्हणजे धनुष्यावरची नेम धरायची खूण, लावायला लागले आणि बाण पुन्हा बसायला लागले. त्यामुळे तर माझी खात्रीच झाली. दुपारी ऊन पडलं, दोरी वाळली, पण मी तो वाढीव हिशेब सोडला नाही. दोन बाण टार्गेटच्या डोक्यावरून झाडीत गेले. मग घाबरून मी उलट कमी करायला लागले, आणि शेवटच्या टार्गेटपर्यंत मला माझ्या एकाही अंदाजाचा भरवसा राहिला नाही. त्या दिवशी माझी नजर सकाळपासून बरोबर होती. दोरीचा दोष मी डोळ्यांवर घातला होता. आजही आठवलं की पोटात तुटतं, कारण मी हरले त्याहून जास्त, मी माझ्या चांगल्या नजरेवर अविश्वास दाखवला.

तर आता तुझ्या हातात काय आहे ते बघ. पूर्ण राउंड २४ टार्गेटांचा, प्रत्येकी ३ बाण, म्हणजे ७२ बाण आणि जास्तीत जास्त ४३२ गुण. यातल्या १२ टार्गेटांवर अंतर लिहिलेलं असतं, १२ वर नसतं. बहुतेक मुलं लिहिलेल्या टार्गेटांकडे सोपे गुण म्हणून बघतात. पावसात तू त्यांच्याकडे तराजू म्हणून बघ. ४५ मीटर लिहिलंय, तू साईट ४५ ला लावलीस आणि तिन्ही बाण एकमेकांशेजारी पण खाली बसले, तर तू नीट मारलेस, धनुष्य मंद झालंय. तिन्ही बाण तीन दिशांना गेले, तर दोरीला हात लावू नकोस, चूक उभं राहण्यात किंवा सोडण्यात आहे. पुढच्या न लिहिलेल्या टार्गेटला जाताना ही एक माहिती सोबत असेल, तर तिथे बाण खाली गेल्यावर अंतर चुकलं की दोरी, हे तुला वेगळं करता येईल. पहिल्या दिवशी न लिहिलेलीच टार्गेटं असतील तर हा तराजू सकाळच्या सरावाच्या मैदानात वापर. तिथे धनुष्य छत्रीखाली जपून ठेवू नकोस, ते स्पर्धेत भिजेल तेवढं तिथेच भिजू दे.

इथे घरी आधी एक काम कर. तुझ्या साईटच्या खुणांची जी यादी आहे, तशीच दुसरी, ओल्या दिवसाची बनव. दोरीवर पाणी ओत, वीस-पंचवीस बाण मार आणि २०, ३०, ४०, ५० मीटरला किती फरक पडतो ते लिही. जवळ फरक जाणवणारही नाही, लांब गेल्यावर दिसेल. दोरीला मेण आदल्या रात्री बोटांच्या उबेनं चांगलं मुरव. स्पर्धेत थांबून पुन्हा मारायची वेळ आली की बाण लावण्याआधी दोरी बोटानं एकदा हलकी छेड, एकतारी छेडतात तशी. थेंब उडून जातात. रिकामं धनुष्य ओढून सोडायचं नाही, हे तुला मी पहिल्याच दिवशी सांगितलंय.

आता अंतर. यावर मी थांबून बोलणार आहे, कारण तुझं शिक्षण सपाट मैदानावर झालंय. आपल्या साताऱ्यानं तिथे काय केलंय ते तुला तोंडपाठ आहे. २०२३ साली अदिती स्वामी बर्लिनला १४९-१४७ अशी अंतिम फेरी जिंकून जगज्जेती झाली, त्याच वर्षी पार्थ साळुंखेनं आयर्लंडमध्ये युवा गटाचं विश्वविजेतेपद घेतलं, आणि त्याआधी फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिम्पिकला जाऊन आला. त्यांच्यामुळेच तुझ्या हातात धनुष्य आलं, ते मी पाहिलंय. पण तो खेळ ठरलेल्या अंतराचा आहे, कप्प्या लावलेल्या कंपाउंड धनुष्याला ५० मीटर आणि साध्या वाकड्या टोकांच्या रिकर्व्हला ७०. रोज तीच रेघ, तेच टार्गेट, आणि सगळी तपश्चर्या एका कृतीवर. फील्डमध्ये जमीन दर वेळी नवा प्रश्न टाकते आणि पावसात तो धुक्याआडून टाकते.

लाल खुंटीवरून, म्हणजे तू जिथे उभी राहून मारतेस त्या खुंटीवरून, न लिहिलेली अंतरं चेहऱ्याच्या, म्हणजे टार्गेटवरच्या गोल कागदाच्या, मापाला बांधलेली असतात. २० सेंटीमीटरचा चेहरा १० ते १५ मीटरवर, ४० चा १५ ते २५ वर, ६० चा २० ते ३५ वर, ८० चा ३५ ते ५५ वर. लहान दोन ओळखायला अडचण नाही, कारण २० चे बारा आणि ४० चे चार एका बटवर, म्हणजे चेहरे लावायच्या जाड फळीवर, लावतात. गोंधळ होतो तो ६० आणि ८० मध्ये, दोन्ही एकटेच असतात. अंधुक उजेडात ६० चा चेहरा ८० चा समजलीस, तर ३५ च्या आतलं टार्गेट तू ३५ च्या पलीकडे नेऊन ठेवशील आणि तिन्ही बाण वरून जातील. तुझ्या आधी कुणी मारलं असेल तर दुर्बिणीतून त्यांच्या बाणांची शेपटं बघ. बाणाची जाडी तुला माहीत आहे, पिवळा त्याच्या किती पट दिसतो त्यावरून माप कळतं. दुर्बीण गळ्यात पण जॅकेटच्या आत ठेव, आणि काच पुसायला जुन्या सुती साडीचं फडकं घे. नवा रुमाल पाणी नुसता पसरवतो.

धुकं आणि अंधार वस्तू लांब ढकलतात. दोन्ही बाजूंनी झाडी असलेल्या बोळातून बघितलं तरी टार्गेट लांब वाटतं. याच्या उलट मध्ये घळ किंवा ओढा असला, जमिनीचा मधला तुकडा दिसतच नसला, की टार्गेट जवळ वाटतं. हे मी शोधलेलं नाही, फौजेत जवानांना हेच शिकवतात. मिलिटरी आपशिंग्यात कुठल्याही ओसरीवर बसलेल्या निवृत्त हवालदाराला विचार, तो तुला चहा पाजून तासभर समजावेल. पावसात दोन्ही फसवणुका एकाच टार्गेटवर एकत्र येऊ शकतात, घळीपलीकडे धुक्यात. तेव्हा एका झेपेत अंदाज करू नकोस. आधी मधली एखादी ठळक खूण पकड, दगड किंवा झुडूप, तिथपर्यंतचे मीटर मोज, मग तिथून पुढचे. चेहऱ्याच्या मापाशी ताडून बघ. दोन्ही उत्तरं जुळली की साईट लाव आणि मग तिच्याकडे पुन्हा बघू नकोस.

चढ-उतारावरचा हिशेब तुला येतो, तरी आठवण करून देते. ३० अंशाच्या उतारावर ५० मीटर लांबचं टार्गेट बाणाला साधारण ४३ मीटरसारखं वाटतं, १५ अंशाला ४८ सारखं. उतारावर कंबरेतून वाक, खांद्यातून नाही. आधी समोर सरळ ओढून छाती-खांद्याचा कोन बांध, मग कंबरेतून खाली जा. हे कोरड्यात सगळेच करतात, ओल्यात पाय धजत नाही म्हणून सोडून देतात. इथे नियम तुझ्या बाजूनं आहे. खुंटीच्या मागे किंवा बाजूला साधारण एक मीटरपर्यंत कुठेही उभं राहता येतं. नेमकं खुंटीला चिकटून शेवाळलेल्या जांभ्यावर उभं राहणारी मुलं मी पाहिली आहेत, अर्ध्या पावलावर गवताची घट्ट जागा असताना. धनुष्य उचलण्याआधी टाचेनं जागा चाचप, आणि दोन्ही पावलांवर वजन नीट बसल्याशिवाय बाण लावू नकोस.

कपड्यांचं थोडक्यात. सैल रेनकोट फक्त चालताना, मारताना नाही. बाही दोरीला लागली तर बाण कुठे जाईल सांगता येत नाही. अंगाला बसणारं जॅकेट घे आणि आर्मगार्ड, म्हणजे हाताला दोरी लागू नये म्हणूनची पट्टी, त्याच्या वरून बांध. बोटांवरचे चामड्याचे टॅब दोन ठेव, एक हातात, एक प्लास्टिकच्या पिशवीत कोरडा. चामडं भिजून फुगलं की दोरी बोटांवरून वेगळीच सुटते, आणि ती चूक ओळखायला सगळ्यात अवघड. मोजे दोन जोड. गूळ-शेंगदाणे खिशात, कारण भुकेल्या पोटी थंडी लवकर शिरते आणि थंडीत माणूस घाई करतो.

बाण काढताना रबराचा तुकडा वापर, ओला बाण हातातून निसटतो. काढल्यावर प्रत्येक बाण पूस, आणि शेपटाच्या खाचेत चिखल नाही ना ते नखानं बघ. खाच दोरीवर नीट बसली नाही तर बाण चुकतो एवढंच नाही, धनुष्यालाही धोका असतो.

गुण लिहायला पेन्सिल. शाई पहिल्याच सरीत वाहून जाते. दोघंजण गुण लिहितात, प्रत्येक टार्गेटला दोन्ही कागद ताडून घे, शेवटी एकदम नको. गुण लिहून होईपर्यंत बाणाला किंवा चेहऱ्याला कुणीही हात लावायचा नाही. भिजलेला कागद फुगतो, फाटतो, रेषा सरकल्यासारखी दिसते. बाण रेषेला टेकला असेल तर वरचा गुण तुझा आहे. शंका असली तर पंचांना बोलाव, संकोच करू नकोस. गेल्या वर्षी तू असाच एक गुण सोडून दिलास, मला ते आवडलं नव्हतं.

विजा चमकायला लागल्या आणि थांबायला सांगितलं की लगेच थांब, आणि एकट्या उंच झाडाखाली आसरा घेऊ नकोस. यात माझं दुसरं काही म्हणणं नाही.

घरी आल्यावर कितीही दमलीस तरी धनुष्य ओलं पेटीत बंद करायचं नाही. दोरी उतरव, लिंब (धनुष्याचे वरचे-खालचे वाकणारे बाहू) काढ, स्क्रू आणि खाचा पूस, सगळं पंख्याखाली वर्तमानपत्रावर पसर. बाण भात्यातून बाहेर काढून उभे ठेव. दोन दिवसांच्या स्पर्धेत दुसऱ्या सकाळी ज्यांचं सामान कोरडं असतं, त्यांचं निम्मं काम झालेलं असतं.

शनिवारी सकाळी साडेसहाला बोगद्यापाशी ये. यवतेश्वरच्या घाटात चालत जाऊ, पाऊस असला तरी. प्रत्येक वळणावर मी एक झाड दाखवीन, तू अंतर सांगायचं, मग पावलांनी मोजायचं आणि वहीत दोन्ही आकडे लिहायचे. तुझं पाऊल नेमकं किती सेंटीमीटरचं आहे ते आदल्या दिवशी मोजून ठेव. कासपर्यंत जाणार नाही, तिथे आता फुलांसाठी गर्दी होईल. छत्री आण, पेन्सिल आण. धनुष्य घरीच ठेव.

तुझी,
ताई