वसंताच्या सुरुवातीला कोणत्या भाज्यांचं बी पेरावं?

वाटाणा, पालक, मुळा आणि लेट्यूस आधी पेरा. भेंडी, काकडी, घेवडा यांना थांबवा. ठरवताना हवेपेक्षा मातीचं तापमान बघा, कारण बी रुजतं ते मातीच्या उबेवर. सकाळी साधा थर्मामीटर पाच-सात सेंटीमीटर खोल खुपसा. ५ ते ७ अंश सेल्सिअस असेल तर पहिल्या गटातलं बी हळूहळू का होईना, उगवतं. गाजरही रुजतं, पण इतक्या गारठ्यात फारच रेंगाळतं. १० अंशांपर्यंत थांबलेलं बरं. दुसऱ्या गटाला किमान १६ अंश लागतात, त्याआधी टाकलेलं बी थंड ओलीत कुजून जातं. टोमॅटो-मिरचीची रोपं मात्र शेवटच्या कडाक्याच्या थंडीआधी सहा-आठ आठवडे घरातच ट्रेमध्ये करायला घ्या.

एक अट: तापमान जुळलं तरी माती चिकट ओली नको. मूठभर माती दाबून बोटाने टोचा. गोळा फुटला तर पेरा, नुसताच दबला तर थांबा. आणि पाकीट जुनं असेल तर दहा बिया ओल्या कापडात गुंडाळून बघा. निम्म्याही उगवल्या नाहीत तर नवं बी आणा.