फुकट मिळतं हे सोडून, ओपन सोर्स सॉफ्टवेअरचा शिक्षणात नेमका काय उपयोग?

तुमचा प्रश्न असा की पैसे वाचतात हे बाजूला ठेवलं, तर विद्यार्थ्याच्या पदरात काय पडतं? माझ्या मते सर्वात मोठी गोष्ट म्हणजे सॉफ्टवेअरच्या आत काय चाललंय ते, म्हणजे त्याचा मूळ कोड, त्याला उघडून बघता येतं, आणि बदलताही.

पायथन या प्रोग्रामिंग भाषेतलं टर्टल घ्या. कासव फिरवून आकृत्या काढायला पुष्कळ मुलं ते वापरतात. आयडल (पायथनचा कोड लिहायचा प्रोग्राम) उघडा, फाइल मेन्यूत 'ओपन मोड्यूल' निवडा आणि टर्टल हे नाव इंग्रजीत टाइप करा. सगळा कोड समोर येतो. हजारो ओळी आहेत, त्यामुळे वाचत बसू नका. शोध घेऊन 'राइट' (right, म्हणजे उजवीकडे) या फंक्शनच्या व्याख्येवर जा. स्पष्टीकरणाचा मजकूर लांबलचक आहे, पण काम करणारी ओळ एकच: दिलेल्या कोनाला उणे चिन्ह लावून फिरव. 'लेफ्ट'मध्ये तीच ओळ, फक्त उणे नाही. ऋण कोन म्हणजे काय, हे फळ्यावर समजावण्यापेक्षा इथे लवकर कळतं.

आता ती फाइल 'सेव्ह अ‍ॅज'ने आपल्या फोल्डरमध्ये वेगळ्या नावाने ठेवा, उणे चिन्ह खोडा आणि त्याच फोल्डरमधल्या आपल्या प्रोग्राममध्ये नव्या नावाने इम्पोर्ट करा. कासव उजवीकडे म्हटलं की डावीकडे वळेल. मूळ फाइलवर मात्र सेव्ह करू नका, नाहीतर त्या संगणकावरचे टर्टलचे सगळेच प्रोग्राम बिघडतील.

इथे हमखास होणारी चूक सांगून ठेवतो. मुलं स्वतःच्या प्रोग्रामलाच 'टर्टल' नाव देतात. पायथन आधी प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये शोधतो, त्यामुळे प्रोग्राम स्वतःलाच इम्पोर्ट करतो आणि अमुक गुणधर्म नाही अशी तक्रार येते. फाइलचं नाव बदला, काम होतं. उबुंटू किंवा डेबियन या लिनक्स प्रणालींवर आयडल वेगळं टाकावं लागतं. टीकिंटर (टर्टलची चित्राची खिडकी दाखवणारा पायथनचा भाग) सापडत नाही असा संदेश आला, तर पायथनसाठीचं टीके पॅकेज राहिलंय.

फुकट आणि ओपन सोर्स यांत गल्लत होते, म्हणून परवाना वाचायची सवय लावा. जिओजेब्रा हे गणिताचं सॉफ्टवेअर उत्तम आहे, पण त्याच्या परवान्यात बिगरव्यावसायिक वापराची अट आहे. ओपन सोर्स परवान्यात कशासाठी वापरता यावर बंधन नसतं. जीपीएल हा ओपन सोर्स परवाना असेल तर बदललेली प्रत दुसऱ्याला देताना तिचा कोडही द्यावा लागतो. एमआयटी या दुसऱ्या ओपन सोर्स परवान्यात मूळ परवान्याचा मजकूर सोबत ठेवला की पुरतं. दोन्हींत प्रत वाटायला पूर्ण मुभा आहे. शाळेत वापरलेलं साधन पेनड्राइव्हवरून प्रत्येक मुलाच्या घरी जाऊ शकतं, आणि मला हे फार मोलाचं वाटतं.

फाइलींचंही तसंच. लिबरऑफिस या ओपन सोर्स ऑफिस सॉफ्टवेअरचं ओडीएफ हे फाइलचं स्वरूप २००६ पासून आयएसओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय, मानक आहे, म्हणजे आजचा प्रकल्प उघडायला उद्या एखाद्याच कंपनीवर अवलंबून राहावं लागत नाही. फक्त देवनागरी मजकूर दुसऱ्या संगणकावर न्यायचा असेल, तर दस्तऐवजाच्या गुणधर्मांत फॉन्ट समाविष्ट करायचा पर्याय निवडा. तोच फॉन्ट तिथे नसला तर ओळी आणि पानं सरकतात.

कोड न शिकवणाऱ्या शिक्षकांसाठीही जागा आहे. लिबरऑफिसचे मेन्यू मराठीत आहेत आणि त्यांचा अनुवाद वेबलेट या ऑनलाइन साधनावर चालतो. एखादा शब्द खटकला तर वर्गात पर्याय ठरवा, खातं उघडून सूचना पाठवा. एका वेळी एकच शब्द घ्या, आणि तो मेन्यूत नेमका कुठे दिसतो ते आधी पाहा. संदर्भ न पाहता केलेला अनुवाद बहुतेक वेळा तिथेच फसतो.