पिप्पीच्या आधीची आस्ट्रिड

प्रश्न : ‘पिप्पी’ हे मुलांचे पुस्तक लिहिणाऱ्या आस्ट्रिड लिंडग्रेन यांचे बालपण दुःखाचे होते का? त्यांच्या पुस्तकांत एवढी एकटी मुले का येतात?

उत्तर : बालपण उलट फार सुखाचे. स्वीडनमध्ये विमर्बीजवळच्या नेस इथल्या शेतावर, भावंडांबरोबर हुंदडण्यात गेलेले. दुःख पुढे आले. १९२६ मध्ये, १९ वर्षांच्या असताना, त्या लग्नाआधी आई झाल्या. बाळंतपण कोपनहेगनला झाले आणि बाळाला, लार्सला, तिथल्याच एका पालक आईकडे ठेवावे लागले. स्टॉकहोममध्ये टायपिंग-लघुलेखनाची कामे करायची, पैसे साठवायचे आणि रेल्वेने लेकराला भेटायला जायचे, असे काही वर्षे चालले. मला तरी त्यांच्या पुस्तकातली एकटी मुले याच ताटातुटीतून आलेली वाटतात. पिप्पीला आई नाही, वडील समुद्रावर. दुसऱ्या एका पुस्तकातला मियो परक्या घरात वाढतो.

पिप्पीची गोष्ट मुलगी कारीन आजारी असताना १९४१ मध्ये सुरू झाली. पुस्तक १९४५ मध्ये आले, तेही एका प्रकाशकाने नाकारल्यावर.

पण माझ्या लेखी त्यांचे १९७८ चे फ्रँकफर्टमधले भाषण तितकेच मोलाचे आहे. मुलांवर हात उगारू नका, हे त्यांनी मोठ्यांना ठणकावून सांगितले. पुढच्याच वर्षी स्वीडनने मुलांना मारण्यावर कायद्याने बंदी घातली. असे करणारा तो जगातला पहिला देश.