एका बार चार्टसाठी आख्खी लायब्ररी? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

पानावर एकच बार चार्ट दाखवायचा असतो आणि बंडलमध्ये, म्हणजे ब्राउझरकडे जाणाऱ्या एकत्रित जावास्क्रिप्ट फाईलमध्ये, चार्ट काढणारी आख्खी ईचार्ट्स लायब्ररी येऊन बसते. मग कस्टम बिल्डची, म्हणजे हवे तेवढेच भाग घेऊन बंडल बनवण्याची, विचारणा सुरू होते. प्रश्न तेच तेच येतात, म्हणून उत्तरं एकत्र देतोय.

लायब्ररीतल्या नको त्या फायली हातानं काढल्या तर चालेल?

नाही. पुढच्या इन्स्टॉलला त्या परत येतील.

सहकारी म्हणतो, वेबपॅक हा बंडलर (बंडल बनवणारं साधन) ट्री-शेकिंग, म्हणजे न वापरलेला कोड गाळणं, आपोआप करतं. माझं बंडल मात्र तेवढंच आहे.

‘आपोआप’ हा शब्द सोडून द्या. न वापरलेला कोड बंडलरनं गाळायचा असेल तर लायब्ररी ईएस मॉड्यूलमध्ये (जावास्क्रिप्टच्या इम्पोर्ट-एक्स्पोर्ट पद्धतीत) हवी आणि बिल्ड प्रॉडक्शन मोडमध्ये. तुमची अडचण त्याही पुढची आहे. नुसतं ‘ईचार्ट्स’ इम्पोर्ट केलं की तिची मुख्य फाईलच सगळे चार्ट नोंदवून टाकते. नोंदवलेला कोड बंडलरच्या लेखी वापरातला, तो गाळणार कसा? म्हणून ‘ईचार्ट्स/कोर’ घ्या. त्यासोबत बारचार्ट, ग्रिड, टूलटिप आणि कॅनव्हास रेंडरर (चार्ट पडद्यावर रंगवणारा भाग) वेगवेगळे इम्पोर्ट करून कोरच्या ‘यूज’ फंक्शनला द्या. एका जरी फाईलमध्ये जुना इम्पोर्ट राहिला तरी मेहनत वाया जाते. बंडल अॅनालायझरमध्ये आधीचा आणि नंतरचा जीझिप (दाबलेला) आकार बघा, बिल्ड सांभाळणाऱ्या सीनियरला दाखवा, मगच मर्ज करा.

तसं केलं, पण चार्टची जागा कोरी. कन्सोलमध्ये ‘रेंडरर अनडिफाइन्ड इज नॉट इम्पोर्टेड’ असं येतं.

कॅनव्हास रेंडरर राहिलाय.

बंडलर कोणता घेऊ: वेबपॅक, रोलअप की ईएसबिल्ड?

प्रोजेक्टमध्ये आहे तेच.

एक जण लोडॅश या तयार फंक्शन्सच्या लायब्ररीची ‘ऑप्टिमाइझ्ड’ मिन फाईल (मिनिफाय करून, म्हणजे कोड आक्रसून बनवलेली) विकतोय. पब्लिक फोल्डरमध्ये टाकली की काम झालं म्हणतो. घेऊ का?

घेऊ नका. घेतली असेल तर आजच काढा.

लोडॅश एमआयटी परवान्याखाली फुकट मिळते. तिचे तुकडे करून विकणारा तुम्हाला कोणती आवृत्ती देतोय, त्यात स्वतःचं काय घालतोय, हे मिनिफाय केलेल्या एका लांबलचक ओळीतून कळत नाही. 4.17.12 च्या आधीच्या लोडॅशमध्ये ‘डिफॉल्ट्सडीप’ फंक्शनमधून प्रोटोटाइप (सगळ्या ऑब्जेक्ट्सचा सामायिक साचा) बिघडवता यायचा, 2019 मध्ये ती दुरुस्ती झाली. समजा विकतच्या फाईलमध्ये 4.17.11 चा कोड आहे. पॅकेजमधल्या माहीत असलेल्या त्रुटी शोधणारं एनपीएम ऑडिट लॉक फाईल (इन्स्टॉल केलेल्या आवृत्त्यांची नोंद) वाचतं, पब्लिक फोल्डर वाचत नाही, त्यामुळे ते गप्प राहणार. सगळं ठीक आहे म्हणून तुम्ही निर्धास्त.

दुसऱ्याच्या सर्व्हरवरून थेट स्क्रिप्ट घेणं तर आणखी धोक्याचं. जुन्या ब्राउझरांसाठी स्क्रिप्ट पुरवणारं पॉलिफिल डॉट आयओ हे डोमेन 2024 मध्ये दुसऱ्याच्या हाती गेलं आणि जूनमध्ये तीच स्क्रिप्ट लाखाहून अधिक साइट्सवर घातक कोड पोचवू लागली. त्या साइट्सवाल्यांनी स्वतःच्या कोडची एक ओळही बदलली नव्हती.

म्हणून माझा आग्रह: कस्टम बिल्ड तुमच्याच रिपॉझिटरीतून व्हायला हवं. एंट्री फाईल, बंडलरचं कॉन्फिग आणि लॉक फाईल गिटमध्ये ठेवा, सर्व्हरवर ‘एनपीएम सीआय’ (लॉक फाईलमधल्याच आवृत्त्या इन्स्टॉल करणारी कमांड) चालवा. दुरुस्ती आली की आवृत्ती वाढवून लगेच पुन्हा बिल्ड करता आलं पाहिजे. ‘पुढच्या रिलीजला बघू’ हे उत्तर मला अजिबात चालत नाही. ती विकतची फाईल लाइव्ह गेली असेल तर सुरक्षेचं काम करणाऱ्या माणसाकडून साइट तपासून घ्या.

मिनिफाय करताना परवान्याची टिप्पणी उडाली तर?

उडू देऊ नका. ईचार्ट्स अपाचे 2.0 परवान्याखाली आहे, सूचना जपाव्या लागतात. वेबपॅक त्या बहुधा बंडलशेजारी ‘लायसन्स डॉट टीएक्सटी’ने संपणाऱ्या फाईलमध्ये काढून ठेवतं. डिप्लॉय स्क्रिप्ट फक्त जेएस फायली उचलत असेल तर ती मागे राहते, हे तपासा. उत्पादन ग्राहकाला विकत असाल तर कंपनीच्या वकिलांना विचारा.